वयात येणारं लेकरू जेवण टाळू लागलं, तर घरातल्या मोठ्यांनी काय करावं

हे मी आधी आजी-आजोबांसाठी लिहितेय आणि मग आई-बाबांसाठी. दुपारी घरात आपण असतो. मुलगा-सून कामावर गेलेले, नातवंडं शाळेतून येणार, पान आपण वाढणार. त्यामुळे पोरगी किंवा पोरगा जेवत नाही हे पहिल्यांदा आपल्यालाच दिसतं, आणि ते निस्तरताना दुपारचं सगळ्यात अवघड जेवण आपल्याच वाट्याला येतं.

मी सांगली जिल्ह्यात एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका होते. नोकरी सगळी अंगणवाड्या फिरण्यात, पोरांची वजनं घेण्यात आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपके देण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माझ्या स्वतःच्या नातीला, ती नववीत असताना, ॲनोरेक्सिया झाला, म्हणजे जाड होण्याच्या भीतीनं खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार. आज ती बरी आहे. हे लिहायला तिची हरकत नाही. फक्त "माझं वजन किती झालं होतं ते लिहू नकोस हं आजी" एवढं तिनं बजावलंय. तिचं बरोबर आहे. असे आकडे आजारी मुलं शोधून वाचतात आणि त्यांच्याशी स्पर्धा लावतात. म्हणून वजनाचे आणि कॅलरीचे आकडे या लेखात मिळणार नाहीत.

मला सांगायचंय ते एवढंच. या आजारात अन्न हेच औषध, आणि ते पोटात जाईल हे बघणं काही महिने घरातल्या मोठ्यांचं काम. लेकराच्या मर्जीवर ते सोडायचं नाही, आणि लेकराला दोषही द्यायचा नाही.

आपल्या घरांत हा आजार कसा दिसतो

आपल्याकडची मुलगी बहुतेक वेळा "मला जाड व्हायचं नाही" असं तोंडानं म्हणत नाही. ती म्हणते, पोट भरलंय. गॅस झालाय. मैत्रिणीकडे खाऊन आले. परीक्षा आहे, जड जेवलं की झोप येते. मग घर तिला पोटाच्या डॉक्टरांकडे नेतं, सोनोग्राफी होते, टॉनिक मिळतं, आणि त्यात सहा महिने सहज निघून जातात.

आधी भात सुटतो, मग तूप, मग गोड, मग पोळी अर्धी होते. आमच्याकडे सुरुवात 'हेल्दी खायचं' म्हणून झाली आणि सगळ्यांनी कौतुक केलं. मग संकष्टी आली, गुरुवार आला, श्रावणी सोमवार आले. वयाच्या चौदाव्या वर्षी पोरीला अचानक इतकी भक्ती जडली, की ताटाकडे जरा निरखून बघावं.

आणखी एक खूण लोकांना चकवते. मुलगी स्वयंपाकघरात घुटमळते, मोबाईलवर केकच्या रेसिपी बघत बसते, भावाला पराठे करून आग्रहानं वाढते आणि स्वतः खात नाही. "बघा, हिला खाण्याची किती आवड आहे" असं आपण म्हणतो. हे उपासमारीचं लक्षण आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला होता. ते स्वतःहून पुढे आलेले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं जवळपास पाव वजन उतरलं. ते चिडचिडे झाले, माणसांतून उठले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, ताटातला घास घोळवत ते तास तास बसू लागले आणि पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. त्यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. नातीच्या डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्या घरातला निम्मा राग तिथेच गळून पडला. तिचं एकलकोंडं होणं आणि अंगावर धावून येणं हा तिचा स्वभाव नव्हता, ती भूक होती.

शरीरावरच्या खुणा सांगते. हात-पाय गार, मे महिन्यातसुद्धा अंगात स्वेटर. केस गळतात, पण पाठीवर आणि हातांवर बारीक लव येते. बद्धकोष्ठ. उठताना डोळ्यांपुढे अंधारी. पाळी थांबते किंवा येतच नाही. तीन महिने पाळी नसेल तर ती 'अभ्यासाच्या टेन्शननं' गेली असं मानून बसू नका. आणि निव्वळ पाळी यावी म्हणून हार्मोनच्या गोळ्या सुरू करत असतील तर विचारा, की याचा उपयोग काय. गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि सगळं ठीक आहे असं घराला वाटतं, हाडं मात्र भरत नाहीत. हाडं याच वयात भरायची असतात.

मुलगी काटकी दिसली तरच आजार, असंही नाही. आधी अंगानं भरलेली मुलगी झपाट्यानं उतरली, की गावभर तिचं कौतुक होतं आणि आतून हृदय तेवढंच कमजोर झालेलं असू शकतं. वाढीच्या वयात वजन नुसतं थांबलं तरी ती घसरण समजा. उंची वाढतेय आणि वजन तिथेच, म्हणजे शरीर तोट्यात चाललंय. अंगणवाडीत आम्ही एका ठिपक्यावरून काही ठरवत नसू, रेघ कुठे चाललीय ते बघत असू. पाच ते अठरा वर्षांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. शाळेच्या आरोग्य तपासणीची जुनी कार्डं काढा, ठिपके मांडायला सांगा. पाचवीपासून एका रेघेवर चाललेलं मूल नववीत दोन रेघा खाली आलं असेल, तर वाद घालायला जागा उरत नाही.

मुलग्यांनाही हे होतं. तिथं जिम, प्रोटीन पावडर, "फक्त उकडलेलं चिकन आणि अंड्याचं पांढरं" असं रूप असतं. मुलगा म्हणून कुणाला शंकाच येत नाही, त्यामुळे ते डॉक्टरांकडे उशिरा येतात.

आधी डॉक्टर, मग ताट

जेवण वाढवायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवाच. हे मी जोर देऊन सांगतेय त्याला कारण आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात अतितीव्र कुपोषित बाळ आलं, की त्याला पहिल्याच दिवशी पोटभर खायला घालत नाहीत. आधी एफ-७५ नावाचं हलकं दूध, थोडं थोडं, रात्रीसुद्धा, आणि बाळ सावरलं की मग एफ-१००. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीलाही हाच नियम. किती वेगानं वाढवायचं आणि पहिल्या आठवड्यात रक्त कितीदा तपासायचं, हे डॉक्टर ठरवतील.

तिथं काय करून घ्यायचं: आडवं आणि उभं असताना नाडी व रक्तदाब, ईसीजी, रक्तातले क्षार, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजारात शरीर शेवटपर्यंत आकडे सांभाळून धरतं.

दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, अन्न-पाणी दोन्ही नाकारणं, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यांतलं काहीही असेल तर घरी प्रयोग करत बसायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालय. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला घरातल्या दोघांनी शिकून घ्या, पूर्ण एक मिनिट मोजायची.

मग मानसोपचारतज्ज्ञ. गावात नसतील तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट चालते, मराठीत बोलता येतं, जवळ कुठे जायचं ते विचारता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखेच धरायला सांगितलंय, तेव्हा पॉलिसीचे कागद घेऊन जा.

आमच्या डॉक्टरबाईंनी जी पद्धत सांगितली ती लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात तयार झाली. पहिल्या टप्प्यात खाण्याचा ताबा आई-बाबांकडे, दुसऱ्यात तो हळूहळू मुलाकडे परत, आणि तिसऱ्यात वयाचे बाकीचे प्रश्न. २०१० साली अमेरिकेत १२१ मुलांवर झालेल्या अभ्यासात, उपचार संपून वर्ष झाल्यावर या पद्धतीतली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, आणि मुलाशी एकट्याशी बोलून केलेल्या उपचारातली २३ टक्के. म्हणजे हमी नाही. पण "तिलाच समजेल, तिच्यावर सोडा" या सल्ल्यापेक्षा हे कितीतरी बरं.

घराचा आवाज एक करा

सुरू करण्याआधी एक रात्र मुलं झोपल्यावर घरातल्या सगळ्या मोठ्यांनी बसा. मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीनं जाणारा, सून बँकेत, आम्ही दोघं घरी. कुठलं जेवण कुणाच्या डोळ्यांसमोर होणार हे आम्ही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून काढलं. सकाळचा नाष्टा सून, दुपार मी, चारचं दूध आजोबा, रात्रीचं जेवण मुलगा असेल तर तो. पहिले काही आठवडे सुनेनं रजा काढली. आईनं किंवा बाबांनी, कुणीतरी एकानं, शक्य असेल तर सुरुवातीला रजा काढावीच.

इथे आजी-आजोबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. "राहू दे गं, नको तिला छळू, एक दिवस नाही जेवली तर मरत नाही" हे वाक्य आपल्या तोंडून पडता कामा नये. प्रेमापोटी आपण ते बोलतो. पण आजाराला घरात एक फट पुरते. आई दोन पोळ्या म्हणाली आणि आजी एकीवर सोडते म्हटल्यावर मुलगी दुसऱ्या दिवशी आजीच्याच पानावर बसेल. काय वाढायचं ते आधी ठरवा, मतभेद असतील तर माजघरात मिटवा, पानावर सगळ्यांचं एकच.

आणि सुनेला बोल लावू नका. आमच्याकडे भेटायला आलेली प्रत्येक बाई "आई नोकरी करते ना" म्हणून गेली. घरच्यांमुळे हा आजार होतो याला आधार नाही. त्यात अनुवंशाचा वाटा असतो, वयात येतानाचे बदल असतात, डाएटनं सुरुवात होते आणि उपासमार पुढचं काम करते. जी आई आतून खचलेली असते ती लेकरासमोर दीड तास बसून राहू शकत नाही. तिला टिकवणं हाही उपचारच.

धाकट्या भावंडांना हेरगिरीला लावू नका. ताई आजारी आहे, खाणं हे तिचं औषध आहे, तू तुझा जेव आणि तिच्याशी खेळ. त्यांना इतकंच सांगायचं.

पानावर बसताना

दिवसातून सहा वेळा: तीन जेवणं, तीन मधली खाणी. वेळा ठरलेल्या. भूक लागली का हे विचारायचंच नाही, कारण या आजारात भुकेची हाक नीट ऐकू येत नाही.

पान मोठ्यांनी वाढायचं. मुलगी त्या वेळी स्वयंपाकघरात नको. तिच्यासमोर मापं काढायची नाहीत, तूप किती घातलं यावर चर्चा नाही. वाढलेलं पूर्ण संपवायचं, आणि जो समोर बसेल त्यानं स्वतःही जेवायचं. उपाशी बसून दुसऱ्याला खायला घालू नका.

जेवणाआधी पाणी आणि ग्रीन टीनं पोट भरून घेण्याची सवय असते, ती बंद. मोबाईल मात्र मी चालू दिला. ताटाशी भांडत बसण्यापेक्षा एखादी विनोदी मालिका बघत घास गेला तर जाऊ दे. यावर वेगवेगळी मतं आहेत, माझं हे आहे.

आता एक दुपार नीट सांगते, म्हणजे तयारी राहील. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी, पोळी, वाटीभर दही. नातीनं पोळीचे नखाएवढे तुकडे केले आणि ताटाच्या कडेनं ओळीनं मांडले. तूप बोटानं काठाला सारलं. मी म्हटलं, "घास मोठा घे, बाळा." ती म्हणाली, "माझं झालंय." मी म्हटलं, "अजून ताटात आहे." मग रडू. मग "तुला मी जाड व्हायलाच हवीय ना! तू माझी आजीच नाहीस." मी खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि म्हटलं, "तुला फार भीती वाटतेय, दिसतंय मला. मी इथेच बसलेय. घास घे." तेच परत, त्याच आवाजात. भात गार झाला तो गरम करून आणला, त्यावर परत तूप घातलं. पावणेचारला ताट रिकामं झालं. तोवर मला त्या खोलीतून उठून जावंसं अनेकदा वाटलं. उठायचं नाही.

त्या बसण्यात काय बोलायचं नाही ते आधी पाठ करा. बाजू मांडायची नाही. "जाड कुठे आहेस, उलट हाडं दिसतात" हे ऐकून आजार खूश होतो. गरिबांची आठवण करून द्यायची नाही. मी आयुष्यभर कुपोषित पोरं बघितली, तरीही "त्या पोरांना मिळत नाही आणि तू टाकतेस" हे मी कधी म्हटलं नाही, कारण तिच्या मनात आधीच अपराधाचा डोंगर असतो. आमिष नाही, शपथ नाही, "माझ्यासाठी एक घास" नाही. डेंग्यूच्या तापाला आपण रागावत नाही आणि विनवण्याही करत नाही, तसंच हे. छोटी वाक्यं, शांत आवाज, पुढचा घास. पूर्ण जेवली तरी "शाब्बास, कसं छान जेवलीस" नको, ते तिला हरल्यासारखं लागतं. "झालं. चल" एवढं पुरतं.

ताट राहिलंच तर काय, हेही आधीच ठरवा. आमच्याकडे राहिलेल्याच्या बदली दुधाचं घट्ट मिश्रण, आणि तेही नाही झालं तर त्या दिवशी शाळा नाही, बाहेर जाणं नाही. यात शिक्षेचा सूर आणायचा नाही. औषध पोटात गेलं नाही तर शरीराला श्रम झेपणार नाहीत, इतकंच सांगायचं. सलग दोन-तीन जेवणं पूर्ण चुकली तर डॉक्टरांना फोन.

पोट फुगतं, दुखतं, हे ती खोटं सांगत नसते. उपासमारीनं जठर मंद होतं, अन्न तासन्‌तास पुढे सरकत नाही. नियमित खाण्यानंच ते सुधारतं. गरम पाण्याची पिशवी द्या, ओवा द्या, पुढचं खाणं मात्र वेळेवर.

जेवणानंतरचा तास तिला एकटं सोडायचं नाही. भीती तेव्हाच उसळते, आणि बाथरूमची ओढही तेव्हाच. लघवीला जेवणाआधी जाऊन यावं. त्या तासात आम्ही तिघं, आजोबा, नात आणि मी, पाच-तीन-दोन खेळायचो. हात करताना डोकं गुंततं. विणकाम, रांगोळीचे ठिपके, काहीही चालेल. फेऱ्या मारणं नको, उभं राहून अभ्यास नको.

कमी घासांत जास्त

इथे आपल्या जुन्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. मंद पोटात ढीगभर कोशिंबीर आणि मोड आलेली कडधान्यं गेली, की ते तिथेच भरतं. पहिले काही आठवडे कच्चं कमी, मऊ आणि स्निग्ध जास्त.

मऊ खिचडीत तूप, वर खोबरं. प्रत्येक भाजीत आणि आमटीत दाण्याचं कूट. थालीपिठाच्या भोकात तेल सोडतो तसं सोडायचं आणि वर लोण्याचा गोळा. दूध म्हशीचं, सायीसकट, त्यात खजूर आणि आमच्या तासगावचे बेदाणे वाटून घालायचे. शिरा दुधात. दह्याऐवजी चक्का. चारच्या वेळेला भडंग दिलात तर दाणे भरपूर, आणि बरोबर डिंकाचा किंवा दाण्याचा लाडू. मांसाहारी घर असेल तर पांढऱ्या रश्श्याची वाटी आठवा, काजू-तीळ-खोबरं सगळं तिथंच आहे.

भीतीचे पदार्थ कायमचे टाळून चालत नाही. भात, तूप आणि गोड यांचीच तिला धास्ती होती, म्हणून तेच रोज थोडं थोडं. घरातल्या बाकीच्यांनीही तेच खायचं. एका घरात आईसाठी ज्वारीची भाकरी आणि उकडलेली भाजी, बाबांसाठी कीटो, आणि मुलीनं मात्र लाडू खायचा, हे होणार नाही. मोठ्यांची डाएटं वर्षभर बाजूला ठेवा. मधुमेहाचं पथ्य अर्थात सोडायचं नाही, ते मुलीला सरळ समजावून सांगा.

उपास, सण आणि पाहुणे

उपास पूर्ण बंद. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेलाही नाही, कारण 'आज मी खाणार नाही' हा निर्णय तिच्या हाती देणंच धोक्याचं. मी स्वतः लग्न झाल्यापासून एकादशी धरत आलेय. त्या वर्षी एकादशीला नातीसमोर बसून जेवले. देवापुढे नारळ ठेवला, सांगितलं, आणि आधी पोटोबा. नवरात्रात घटासमोर सवाष्ण जेवू घातली, तिच्या शेजारी नातीचं पान मांडलं.

गणपतीत, लग्नकार्यात माणसं बोलणारच. "किती बारीक झालीस, काय करतेस सांग की" हे एक, आणि पुढच्या वर्षी "आता कशी तब्येत सुधारली!" हे दुसरं. दुसरं जास्त घातक. तिला त्यातून एकच ऐकू येतं, की मी जाड झाले. जवळच्या नातेवाइकांना आधीच फोन करा: तिच्या अंगावर, ताटावर, कपड्यांवर काही बोलायचं नाही, चांगलंही नाही. अभ्यास विचारा, चित्रं विचारा. फोन कुणी मोठ्यानं केलेला बरा, म्हणून तो मी केला. माझ्या सख्ख्या जावेला राग आला. येऊ दे.

शाळा

मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना विश्वासात घ्या, डॉक्टरांचं पत्र द्या. पीटी, स्पर्धा, नाच डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाही. डबा शाळेत एकटीनं खाल्ला जाणार नाही हे सुरुवातीला धरूनच चाला. आजोबा मधल्या सुट्टीत स्कूटरवर डबा घेऊन जायचे आणि ऑफिसशेजारच्या खोलीत बसून तिच्याबरोबर खायचे.

एक गोष्ट शाळांना सांगायचीय, आणि ती वजनं घेण्यात आयुष्य गेलेली बाई सांगतेय. वर्गात रांग लावून वजन करणं आणि आकडा मोठ्यानं सांगणं थांबवा. कापडाच्या झोळीतल्या बाळाचं वजन ओरडून सांगितलं तर त्याला काही वाटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला वाटतं, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

घरी वजनाचा काटा ठेवू नका. आठवड्यातून एकदा, डॉक्टरांकडेच, एकाच काट्यावर, हलक्या कपड्यांत, लघवी करून आल्यावर. आकडा तिला दाखवायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

खाऊन उलटी काढणारी मुलं

बुलिमियाचं रूप वेगळं. मूल चारचौघांत नीट जेवतं, वजन फारसं हलत नाही, आणि घरातला खाऊ, बिस्किटांचे पुडे नाहीसे होतात. जेवल्याबरोबर नळ सोडून बाथरूम, गालांच्या मागे सूज, बोटांच्या पेरांवर घट्टे, दात झिजून आंबणं. इथं रागावलात तर लपवणं वाढतं. "खाऊ कुणी संपवला" हा चौकशी आयोग बसवू नका. दिवसभर उपाशी राहणं हेच रात्रीच्या त्या भरमसाट खाण्याचं मूळ असतं, म्हणून इथंही उपाय तोच: वेळेवर, पुरेसं, सोबतीनं खाणं. उलटी झाली तर लगेच ब्रश नको, आम्लानं मऊ झालेला दात घासला जातो. साध्या पाण्यानं किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ. वारंवार उलट्या होत असतील तर पोटॅशियम तपासून घ्या, ते हृदयाशी निगडित आहे. बुलिमियात औषधांचा उपयोग होतो, ॲनोरेक्सियात वजन सावरेपर्यंत फारसा नाही, तेव्हा दुकानातून काहीही आणू नका.

ताबा परत देताना

वजन डॉक्टरांनी ठरवलेल्या जागी आलं, जेवणं कटकटीशिवाय होऊ लागली, आणि चेहऱ्यावर हसू दिसू लागलं, की मगच. वजन आधी भरतं आणि मन बरंच नंतर, हे लक्षात ठेवा. घाई आपल्यालाच झालेली असते.

एकेक खाणं परत द्यायचं. आमच्याकडे आधी चारचं खाणं: काय खायचं ते तिनं निवडायचं, खायचं मात्र आमच्यासमोर. मग पान स्वतः वाढून घेणं, आम्ही नुसतं बघणं. मग शाळेचा डबा मैत्रिणींबरोबर. मग हॉटेलात मित्रमैत्रिणींबरोबर एकटी. एखादी पायरी डगमगली तर तेवढंच परत आपल्याकडे घ्यायचं, आठवडाभरानं पुन्हा द्यायचं. त्यावर मोठी चर्चा नको.

घसरण्याच्या वेळा माहीत असू द्या: दहावी-बारावी, पोटाचा आजार किंवा टायफॉइडनं उतरलेलं वजन, कुणी सहज मारलेला टोमणा, आणि घर सोडून हॉस्टेलला जाणं. शेवटची सगळ्यात मोठी. नात पुण्याला शिकायला जायच्या आधी आम्ही सगळे डॉक्टरबाईंसमोर बसलो आणि अटी कागदावर लिहिल्या. मेसची तिन्ही जेवणं, रात्रीचं जेवताना आठवड्यातून काही दिवस घरी व्हिडिओ कॉल, महिन्यातून एकदा तिथल्या डॉक्टरांकडे वजन आणि तो आकडा थेट आमच्या डॉक्टरांना. ठरलेल्या रेघेच्या खाली आली तर कॉलेज थांबवून घरी, वाद न घालता. त्यावर तिनं सही केली, तिच्या आईनं केली, बाबांनी केली. अशी चिठ्ठी मूल बरं असतानाच करून ठेवा. आजार परत आल्यावर ती करता येत नाही.